रेंज पूर्ण, तरी आवाज तुटतो: पुन्हा पुन्हा परतणाऱ्या इंटरफिअरन्सचा माग कसा काढायचा

आधी लक्षण नीट सांगते, कारण निम्मा घोळ तिथेच होतो. फोनवर चार-पाच दांड्या दिसतात. कॉल लागतो. समोरच्याचा आवाज तुम्हाला स्वच्छ येतो, पण तुमचा त्याला तुटक तुटक जातो. "हॅलो, हॅलो, ऐकू येतंय का?" असं दोन-तीनदा होतं आणि कॉल कटतो. यूपीआयने पैसे द्यायला गेलात की चक्र नुसतं फिरत राहतं. फोन गरम होतो, बॅटरी दुपारपर्यंतच तळाला जाते. तक्रार केली की दोन दिवसांनी "तुमच्या भागातले नेटवर्क सुरळीत आहे" असा मेसेज येतो. मग काही दिवस खरंच बरं चालतं, आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

गेली सोळा वर्षं मी मोबाइल नेटवर्कच्या आरएफ, म्हणजे रेडिओ लहरींच्या, विभागात काम करते आहे. ऑफिसात बसून साईटचे, म्हणजे टॉवरचे, ग्राफ बघायचे आणि ग्राफ पटेनासे झाले की यागी अँटेना, म्हणजे एकाच दिशेचं ऐकणारा अँटेना, घेऊन गच्च्या चढायच्या, हे आमचं काम. वरची तक्रार मी इतक्या वेळा ऐकली आहे की आता सगळ्यात आधी एवढंच विचारते: "तुमचा आवाज जात नाही, की त्यांचा येत नाही?" पुढचा सगळा तपास या उत्तरावर ठरतो.

दांड्या काय सांगतात आणि काय नाही

फोन आणि टॉवर यांचं बोलणं दोन वेगळ्या रस्त्यांनी चालतं. आपल्याकडे भरपूर वापरात असलेला १८०० चा बँड घ्या. फोनकडून टॉवरकडे जायचा रस्ता १७१० ते १७८५ मेगाहर्ट्झ, तो अपलिंक. टॉवरकडून फोनकडे यायचा रस्ता १८०५ ते १८८०, तो डाउनलिंक. दांड्या फक्त या दुसऱ्या रस्त्याची हालत दाखवतात. टॉवर तुम्हाला किती जोरात ऐकू येतोय, एवढंच. तुमचं बोलणं टॉवरपर्यंत पोचतंय का, हे दांड्यांत कुठेच नसतं.

आणि दोघांची ताकद मुळीच सारखी नाही. टॉवरच्या एका सेक्टरमधून, म्हणजे एका दिशेला तोंड केलेल्या अँटेनातून, २० ते ४० वॉट सुटतात. तुमचा ४जी फोन जास्तीत जास्त २०० मिलिवॉट सोडू शकतो, म्हणजे शंभर-दोनशेपट कमी. हे क्षीण बोलणं ऐकता यावं म्हणून टॉवरचा कान अतिशय तिखट ठेवलेला असतो. ४जीमध्ये बँडचे १८० किलोहर्ट्झ रुंदीचे छोटे तुकडे केलेले असतात, त्यातला एक म्हणजे रिसोर्स ब्लॉक. तेवढ्या रुंदीत उष्णतेमुळे आपोआप होणारा गोंगाट असतो उणे १२१ डीबीएम. त्यात टॉवरच्या रिसीव्हरचे स्वतःचे दोन-तीन डेसिबल मिळवा. म्हणजे निरोगी, रिकाम्या सेक्टरचा आकडा उणे ११८-११९ च्या आसपास दिसायला हवा. आमच्या स्क्रीनवर तो उणे ११० झाला की आम्ही सावध होतो. उणे १०० च्या जवळ गेला की त्या सेक्टरमधले लांबचे कॉल तुटणार हे नक्की.

डेसिबलची सवय नसेल तर एवढं लक्षात ठेवा: डीबीएम हे ताकदीचं माप, उणे आकडा शून्याकडे सरकला की ताकद वाढली; दर ३ डेसिबलला दुप्पट आणि दर १० डेसिबलला दहापट.

टॉवरच्या कानाशी असा परका गोंगाट, म्हणजेच इंटरफिअरन्स, वाढला की टॉवर फोनला सांगतो, "मोठ्याने बोल." फोन मोठ्याने बोलतो. आणखी मोठ्याने. २०० मिलिवॉट संपले की त्याच्या हातात काही उरत नाही. फोन तापतो, बॅटरी उतरते आणि दांड्या मात्र पूर्ण असतात, ते यामुळे.

आधी घरच्या घरी

कव्हरेजच कमी आहे, की कोणी मध्ये गोंगाट करतंय, हे वेगळं काढायला हवं. बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये डायलरवर \*#\*#४६३६#\*#\* टाइप केलं की टेस्टिंगचं पान उघडतं. आयफोनवर \*३००१#१२३४५#\* डायल करायचं. तिथे आरएसआरपी आणि एसआयएनआर हे दोन आकडे शोधा. आरएसआरपी म्हणजे टॉवरच्या सिग्नलची ताकद: उणे ८० ते ९० उत्तम, उणे ११० च्या खाली दुबळी. एसआयएनआर म्हणजे त्या सिग्नलची स्वच्छता: २० च्या वर छान, शून्याच्या खाली वाईट.

ताकदच कमी असेल तर तो कव्हरेजचा प्रश्न, ही पोस्ट त्यासाठी नाही. ताकद चांगली पण स्वच्छता वाईट असेल तर डाउनलिंकमध्ये गोंगाट आहे. आणि ताकद चांगली, स्वच्छताही चांगली, तरी तुमचा आवाज जात नसेल, तर गोंगाट टॉवरच्या कानाशी आहे. वारंवार परत येणाऱ्या तक्रारींत हा तिसरा प्रकार मला सर्वांत जास्त भेटला आहे, आणि लोकांना तो सर्वांत कमी माहीत आहे.

मग घराचा मेन स्विच पाच मिनिटं बंद करा आणि फोनवर बोलून बघा. फरक पडला तर चोर घरातच आहे. एकेक एमसीबी चालू करत जा, सापडेल. टीव्हीच्या जुन्या अँटेनाचा बूस्टर, स्वस्त एलईडीचा ड्रायव्हर, सीसीटीव्हीचा अ‍ॅडॉप्टर, यांतलं काहीही निघू शकतं. घरी मोबाइलचा बूस्टर, म्हणजे रेंज वाढवणारी पेटी, लावला असेल तर सगळ्यात आधी तो काढा. बूस्टर बंद केला की रेंज जाते म्हणून तो निर्दोष आहे, असं समजू नका. का ते पुढे सांगते.

एक चोर असा आहे की तो विमानाने येतो. अमेरिकेत मुलांकडे जाऊन आलेले आईवडील तिकडचा कॉर्डलेस फोन किंवा नातवासाठीचा बेबी मॉनिटर घेऊन येतात. अमेरिकेत हल्लीचे कॉर्डलेस १९२० ते १९३० मेगाहर्ट्झवर चालतात, आणि तिथे ते कायदेशीर आहे. आपल्याकडे १९२० ते १९८० हा २१०० च्या बँडचा अपलिंक आहे, म्हणजे तो फोन नेमका टॉवरच्या कानात बोलतो. त्याहून जुने अमेरिकी कॉर्डलेस ९०२ ते ९२८ वर चालायचे. आपला ९०० चा अपलिंक ८९० ते ९१५, म्हणजे तिथेही टक्कर. ठाण्यातल्या एका सोसायटीत अशा एका कॉर्डलेसने एक अख्खा सेक्टर आजारी पाडला होता. त्या काकांना सांगितल्यावर त्यांनी लगेच तो प्लगमधून काढून माझ्या हातात दिला. त्यांना खरोखर वाईट वाटलं होतं. शेतीच्या सेन्सरसाठी किंवा छंद म्हणून ऑनलाइन रेडिओ मॉड्यूल मागवणाऱ्यांनीही एवढं बघावं: भारतात परवाना न लागणारा पट्टा ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ आहे. ९१५ चं मॉड्यूल स्वस्त मिळालं तरी घेऊ नका.

वेळ लिहून ठेवा

घरात काही सापडलं नाही तर आठ दिवसांची वही करा. तारीख, वेळ, घरात कुठे उभे होता, कुठल्या कंपनीचं सिम, काय झालं. दुसऱ्या कंपनीचं सिम असलेला फोन त्याच जागी, त्याच वेळी लावून बघा आणि तेही लिहा. काम कंटाळवाणं आहे, पण याच्या तोडीचं हत्यार मला आजवर मिळालेलं नाही. गोंगाटाला स्वतःचं वेळापत्रक असतं आणि ते वेळापत्रक मालकाचा पत्ता सांगतं.

वेल्समध्ये अबरहोसन नावाचं छोटं गाव आहे. तिथे दीड वर्ष रोज सकाळी सात वाजता सगळ्या गावाचं ब्रॉडबँड बसायचं. केबल बदलून झाल्या, उपयोग नाही. शेवटी २०२० मध्ये इंजिनिअर कुठल्या फ्रिक्वेन्सीवर किती गोंगाट आहे ते दाखवणारा स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझर घेऊन पहाटे गावात फिरले तेव्हा कळलं, एका घरातला जुना, सेकंडहँड टीव्ही रोज सातला चालू होत होता. तो प्रश्न मोबाइलचा नव्हता, पण सुगावा लागला तो घड्याळामुळेच.

आमच्या ग्राफवरही हेच वाचायचं असतं. गोंगाट सकाळी दहाला चढून रात्री नऊला उतरत असेल आणि सुट्टीच्या दिवशी सपाट असेल, तर ते दुकान किंवा ऑफिस. संध्याकाळी, लोक सर्वांत जास्त फोन वापरतात तेव्हा चढून रात्री तीनला मूळ पातळीवर येत असेल, तर संशय टॉवरच्याच गंजावर. पहिल्या मोठ्या पावसानंतर चढला असेल तर कुठल्यातरी कनेक्टरमध्ये पाणी. चोवीस तास एकसारखा असेल तर कायम चालू असलेलं एखादं यंत्र, किंवा शेजारच्या बँडचा फिल्टर नीट बसलेला नाही.

पेठेतला तपास

पुण्यातल्या एका पेठेत आमच्या एका साईटच्या दुसऱ्या सेक्टरचा गोंगाट सकाळी साडेदहाला उणे ११८ वरून उणे १०२ वर उडी मारायचा. दुपारी एकला खाली. चारला पुन्हा वर. रात्री साडेआठला शांत. एक ते चार दुकान बंद ठेवणारा माणूस शोधायचा आहे, एवढं ग्राफनेच सांगितलं. पण पेठेत तशी दुकानं शेकडो.

तक्रारी बऱ्याच होत्या, पण मला एक आजी लक्षात राहिल्या. जुन्या वाड्याच्या दुसऱ्या मजल्यावर एकट्या राहायच्या, मुलगा नाशिकला. त्या म्हणाल्या, "फोन लागतो गं, मला सगळं ऐकू येतं. पण मी बोललेलं कुणाला कळतच नाही." आदल्या आठवड्यात संध्याकाळी त्यांना चक्कर आली होती. मुलाला तीनदा फोन लावला, तिन्ही वेळा तो नुसता "आई, बोल ना" म्हणत राहिला आणि कॉल तुटला. शेवटी त्यांनी खिडकीतून खालच्या वाण्याला हाक मारली. सेक्टरचे कॉल ड्रॉप किती टक्के, हे आम्ही रोज बघतो. दूरसंचार नियामक ट्रायने त्याची मर्यादा २ टक्के ठेवली आहे. त्या टक्क्यांमागे काय असतं ते मला त्या खिडकीशी उभं राहिल्यावर कळलं.

सव्वाचारला मी त्याच वाड्याच्या गच्चीवर गेले. यागी अँटेना स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझरला जोडला, आमचाच सिग्नल मध्ये येऊ नये म्हणून अपलिंकचा फिल्टर लावला आणि हळूहळू गोल फिरले. पडद्यावर १७१० ते १७८५ च्या पट्ट्यात उंटाच्या मदारीसारखा उंचवटा होता, आणि त्यावर तीन-चार अणकुचीदार सुळके उभे. सुळके एका जागी नव्हते, थरथरत सरकत होते. असा उंचवटा दिसला की बहुतेक वेळा बूस्टर असतो, आणि सुळके हलले की तो बूस्टर शिट्टी घालतो आहे.

एका गच्चीवरून फक्त दिशा कळते. तीन गच्च्यांवरून तीन रेषा काढल्या आणि नकाशावर जिथे छेदल्या तिथे एक चौक आला. खाली उतरून यागी ठेवून दिला. गल्लीत त्याचा उपयोग नसतो, सिग्नल सगळ्या भिंतींवरून आपटून परत येतो. साधा छोटा अँटेना छातीशी धरायचा आणि स्वतःभोवती फिरायचं. ज्या दिशेला तोंड केल्यावर आकडा पडतो, चोर तुमच्या पाठीमागे असतो, कारण मध्ये तुमचं शरीर आडवं आलेलं असतं. जवळ गेल्यावर अ‍ॅनालायझर भरून जातो आणि खोटे सुळके दाखवू लागतो. तेव्हा अ‍ॅटेन्यूएटर, म्हणजे सिग्नल कमी करणारा तुकडा, लावायचा. नवीन मुलं हे हमखास विसरतात आणि भलत्याच दारात जाऊन उभी राहतात.

साडेपाचला एका कापडाच्या दुकानासमोर मान वर केली. पहिल्या मजल्याच्या कठड्याला माशाच्या काट्यासारखा अँटेना, तोंड थेट आमच्या टॉवरकडे. टॉवर तिथून जेमतेम दोनशे मीटर. अँटेनातून निघालेली पांढरी केबल, टीव्हीची असते तशीच, खिडकीच्या फटीतून आत गेली होती. आत गल्ल्यामागे भिंतीवर वहीएवढी पेटी, पाठीला पत्र्याच्या पाकळ्या, हात लावला तर तापलेली. पेटीवर ७० डेसिबल लिहिलेलं. तिचा आतला अँटेना तळमजल्याच्या छताला, म्हणजे बाहेरच्या अँटेनाच्या चार मीटर खाली, मध्ये एकच स्लॅब.

मालक चांगला माणूस होता. तळघरात साड्यांचा विभाग, तिथे रेंज नाही. गिऱ्हाईक क्यूआर कोड स्कॅन करायचं आणि पैसे जायचेच नाहीत, लग्नसराईत माणसं तिष्ठत उभी. कोणीतरी पेटी आणून बसवून दिली आणि "कंपनीची परवानगी आहे" असं सांगितलं. त्यांची अडचण खरी होती.

मी त्यांना पेटी पाच मिनिटं बंद करायची विनंती केली आणि अ‍ॅनालायझरचा पडदा त्यांच्यासमोर धरला. त्यांनी बटण दाबलं आणि अख्खा उंचवटा जागच्या जागी बसला. पुन्हा चालू केलं, पुन्हा उभा. त्यांनी दोनदा करून पाहिलं. मग मी आजींचं सांगितलं. आजी त्यांच्या ओळखीच्याच निघाल्या. पेटी त्यांनी तिथल्या तिथे उतरवली. पंधरा मिनिटांनी ऑफिसातून फोन आला, सेक्टर उणे ११७ वर.

बूस्टर इतका त्रास का देतो

मांडवात माईक स्पीकरसमोर आणला की कर्कश शिट्टी बसते, ते सगळ्यांनी ऐकलं आहे. बूस्टरचंही तेच. बाहेरचा आणि आतला अँटेना यांच्यातला आडोसा, ज्याला आम्ही आयसोलेशन म्हणतो, तो बूस्टरच्या गेनपेक्षा, म्हणजे बूस्टर सिग्नल जितका वाढवतो त्यापेक्षा, निदान पंधरा डेसिबलने जास्त हवा. ७० चा गेन असेल तर ८५ चा आडोसा. त्या दुकानात चार मीटर हवा आणि एक स्लॅब मिळून फार तर साठ-पासष्ट होत होता. मग पेटी स्वतःचाच आवाज ऐकून ओरडत बसणार. माणसं मध्ये फिरली, दार उघडलं, की आडोसा बदलतो, आणि सुळके सरकतात ते त्यामुळे.

पण समजा शिट्टी नाही, अँटेना लांब लांब लावले आहेत. तरी गणित बघा. गोंगाट उणे १२१, त्यात पेटीचा स्वतःचा ६, गेनचे ७०, बाहेरच्या अँटेनाचे १०. झाले उणे ३५ डीबीएम. दोनशे मीटर हवेत १८०० च्या बँडला ८३-८४ डेसिबल जातात आणि टॉवरचा अँटेना १७ परत देतो. बेरीज उणे १०२. कोणी फोन हातात घेतलेला नसताना, नुसती पेटी चालू असताना, टॉवरच्या कानाशी गोंगाट सोळा डेसिबलने चढला, म्हणजे चाळीसपट. शहरी वस्तीत सोळा डेसिबल गेले की अपलिंकची पोच साधारण एक तृतीयांशावर येते. जो फोन टॉवरपासून एक किलोमीटरवर सुखाने बोलत होता, त्याला आता साडेतीनशे मीटरच्या आत यावं लागेल.

बूस्टर लावणाऱ्याला हे कधीच जाणवत नाही, कारण त्याचा फोन त्या पेटीतूनच जोरात बोलत असतो. त्रास गल्लीतल्या बाकीच्यांना. मग शेजारच्याची रेंज बिघडली की तोही बूस्टर आणतो. तक्रार पुन्हा पुन्हा का परतते, याचं सर्वांत मोठं कारण मला हेच दिसलं आहे. त्या पेठेतही दोन महिन्यांनी तोच सेक्टर पुन्हा चढला. या वेळी तीन दुकानं सोडून पलीकडे, पेटी त्याच बनावटीची, विकणारा तोच.

परवान्याशिवाय असा बूस्टर, म्हणजेच रिपीटर, बसवणं बेकायदा आहे, आणि विकणंसुद्धा. दूरसंचार विभागाने २०२२ मध्ये जॅमर आणि बूस्टर या दोन्हींबद्दल जाहीर सूचना काढून ऑनलाइन विकणाऱ्यांनाही बजावलं होतं. मालक ऐकत नसेल तर कंपनी वायरलेस मॉनिटरिंग ऑर्गनायझेशनकडे जाते. ही केंद्र सरकारची संस्था आहे, १९५२ पासूनची, आणि तिला पेटी जप्त करण्यापर्यंत कारवाई करता येते. पण नुसत्या जप्तीने तळघरात रेंज येत नाही, आणि रेंज आली नाही की महिन्याभरात दुसरी पेटी येते.

म्हणून दुसऱ्यांदा आम्ही दोन्ही दुकानांची मूळ अडचण सोडवली. तळघरात वायफाय राउटर ओढला, क्यूआरच्या शेजारी पाहुण्यांसाठीचा पासवर्ड चिकटवला, पैसे मिळाल्याचं बोलून सांगणारा डबा जिन्याच्या तोंडाशी रेंजमध्ये नेला, आणि कामगारांच्या फोनमध्ये वायफाय कॉलिंग चालू करून दिलं. ही सोय आपल्याकडे २०१९ च्या अखेरीपासून आहे, सेटिंगमधलं एक बटण दाबायचं असतं, तरी किती जणांना ते माहीतच नाही! मोठ्या जागेसाठी कंपनीकडूनच अधिकृत इन-बिल्डिंग अँटेना मागता येतो. वेळ लागतो, पाठपुरावा लागतो, पण तो टॉवरच्या कानात ओरडत नाही.

टॉवरचाच गंज

गोंगाट लोकांच्या वापराबरोबर चढउतार करत असेल तर आधी स्वतःचं घर तपासायचं, हे मी माझ्या सहकाऱ्यांना सांगते. याला पीआयएम (पॅसिव्ह इंटरमॉड्युलेशन) म्हणतात. दोन जोरकस फ्रिक्वेन्सी एखाद्या गंजलेल्या किंवा सैल सांध्यावर एकत्र आल्या की तिसरीच जन्माला येते. पहिलीची दुप्पट वजा दुसरी, एवढं साधं गणित. १८०५ आणि १८८० घ्या: १८०५ ची दुप्पट ३६१०, त्यातून १८८० गेले, उरले १७३०. टॉवर स्वतः बोलतो आणि त्याचाच प्रतिध्वनी अपलिंकच्या मधोमध पडतो. आता एकाच गच्चीवर दोन-तीन कंपन्यांचे अँटेना असतात, त्यामुळे अशा जोड्या पुष्कळ जुळतात.

ओळखायची युक्ती: मध्यरात्री सेक्टरवर कृत्रिम लोड टाका. गोंगाट चढला तर पीआयएम. मग पॉवर एक डेसिबल कमी करा. बाहेरचा चोर असेल तर आकडा हलणार नाही, पीआयएम असेल तर दोन ते तीन डेसिबलने उतरेल. सांधे हाताच्या अंदाजाने आवळू नका. जुन्या मोठ्या ७/१६ डिन कनेक्टरला २५ ते ३० न्यूटन-मीटर लागतात, आणि ते टॉर्क रेंचनेच कळतं. आवळण्याआधी उघडून आत पितळेचा कीस राहिलाय का बघा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा.

आणि नुसता टॉवर बघून थांबू नका. पावसाळ्याच्या तोंडावर सोसायट्या गच्चीवर पत्र्याची शेड टाकतात. ती नेमकी अँटेनाच्या समोर आली आणि तिचे हुक गंजले, की केबल-कनेक्टर सगळे बदलूनही गोंगाट जात नाही. पाण्याच्या टाकीचा लोखंडी स्टँड, टाकून दिलेली डिश, तारेचं कुंपण, हे सगळं या यादीत येतं. सोसायटीच्या सेक्रेटरींशी आधीच नीट बोलून ठेवलेलं असलं की पत्रा दोन मीटर सरकवायला कोणी नाही म्हणत नाही.

बाकीचे दोन

२३०० च्या बँडवर बोलणं आणि ऐकणं एकाच फ्रिक्वेन्सीवर, पाळीपाळीने चालतं. सगळ्या टॉवरांची घड्याळं दीड मायक्रोसेकंदाच्या आत जुळलेली लागतात. एखाद्या साईटचा जीपीएस अँटेना बिघडला की ती दुसऱ्यांच्या ऐकण्याच्या पाळीत बोलते आणि आजूबाजूची सगळी वस्ती आजारी पडते. किनाऱ्यावर पावसाळ्याआधीच्या रात्री समुद्रावर हवेचे थर असे बसतात की साठ-सत्तर किलोमीटरपलीकडच्या टॉवरचा आवाजही उशिरा येऊन याच पाळीत घुसतो. यावर घरी करण्यासारखं काही नाही, उपाय कंपनीकडेच असतात.

उंच इमारतींतला प्रश्न उलटा, डाउनलिंकचा. घोडबंदर रोडवरच्या बावीसाव्या मजल्यावर खिडकीत उभं राहिलं की सात-आठ टॉवर सारख्याच ताकदीने ऐकू येतात. आरएसआरपी उणे ८५, एसआयएनआर शून्य. फोन या टॉवरवरून त्यावर उड्या मारत राहतो. इथे लोक सवयीने खिडकीत जातात, पण कित्येकदा घराच्या आतल्या खोलीत आवाज स्वच्छ येतो, कारण भिंती बाकीच्या टॉवरांना अडवतात आणि एकच वरचढ उरतो. करून बघा. कायमचा उपाय म्हणजे त्या मजल्यांकडे तोंड केलेला वेगळा सेक्टर. त्यासाठी सोसायटीने एकत्र मागणी केली तर ती लवकर पुढे सरकते.

तक्रार अशी लिहा

१९८ वर फोन करा आणि तक्रारीचा क्रमांक घेतल्याशिवाय ठेवू नका. "नेटवर्क नाही" एवढंच म्हणालात तर ती कव्हरेजच्या रांगेत जाते आणि तिथे दांड्या पूर्ण दिसल्या की बंद होते. त्याऐवजी हे सांगा: "डाउनलिंक चांगला आहे, आरएसआरपी उणे ८४, एसआयएनआर १८. माझा आवाज पलीकडे जात नाही. रोज साडेदहा ते एक आणि चार ते साडेआठ, सोमवारी त्रास नाही. दुसऱ्या कंपनीच्या सिमलाही त्याच वेळी हाच त्रास. अपलिंक इंटरफिअरन्स तपासावा, ही विनंती." तरंग संचार या सरकारी पोर्टलवर आजूबाजूचे टॉवर दिसतात, त्यातला जवळचा कुठला तेही जोडा. अशी तक्रार आली की ती सरळ आमच्या टेबलवर येते, आणि आम्ही त्याच तासांचा ग्राफ उघडतो.

शेजारचा बूस्टर दिसला तरी स्वतः जाऊन केबल ओढू नका. फोटो काढा, जागा लिहा, तक्रारीत घाला. काम झाल्याचा मेसेज आला की वही बंद न करता आणखी पंधरा दिवस त्याच वेळा तपासा. परत चढलं तर नवी तक्रार करण्याऐवजी जुनाच क्रमांक पुन्हा उघडायला लावा, म्हणजे पुढच्या इंजिनिअरला पहिल्या शोधाची नोंद मिळते आणि त्याला तीन गच्च्या पुन्हा चढाव्या लागत नाहीत.